चौथ्या मजल्यावरचं मत

आमच्या सोसायटीच्या अध्यक्षपदाची निवडणूक लागली, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद माझ्या सासूबाईंना झाला. त्यांनी नोटीस माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतली, आरशात बघून केस सारखे केले आणि म्हणाल्या, "आता बघ कसे एकेक जण वर येतात ते."

वर म्हणजे आमच्याकडे, चौथ्या मजल्यावर. आमची बिल्डिंग मीरा रोडच्या जुन्या बिल्डिंगांपैकी. तळमजला अधिक चार, समोरासमोर दोन विंग, मध्ये कंपाउंड, आणि लिफ्ट नाही. गिरगावातली खोली विकून आम्ही इथे आलो, तेव्हा सासूबाई दोन्ही हातात पिशव्या घेऊन अशा चढायच्या की मी मागे राहायचे आणि त्या वरून विचारायच्या, "येतेस, का कोणाला पाठवू घ्यायला?" मग गुडघे गेले, पाठोपाठ कंबर गेली, आणि डॉक्टरांनी जिन्याला लांबूनच नमस्कार करायला सांगितलं. तेव्हापासून त्या वरच आहेत. भाजी मी आणते आणि ती कशी चुकीची आणली हे त्या सांगतात.

समोरच्या बी विंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, त्यांची मैत्रीण राहते. तिला सगळी सोसायटी बा म्हणते. बा गुजराती, सासूबाई मराठी, आणि दोघींचं बोलणं अशा एका हिंदीत चालतं की ती भाषा त्या दोघींखेरीज पृथ्वीवर कोणी बोलत नसावं. पूर्वी दोघी रोज संध्याकाळी कंपाउंडातल्या बाकावर बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची हजेरी घ्यायच्या. आता बाचेही गुडघे गेलेत. त्यामुळे दोघी आपापल्या खिडकीत उभ्या राहतात, एकमेकींकडे बघतात आणि मोबाइलवर बोलतात. हातवारे खिडकीतून, शब्द फोनवरून. मधलं कंपाउंड म्हणजे जेमतेम एक टेम्पो वळेल एवढं. तेवढं ओलांडून जाणं दोघींना जमत नाही. मला ते बघून राग येतो, आणि नेमका कोणावर काढायचा ते कळत नसल्यामुळे तो घरातल्या भांड्यांवर निघतो.

तेव्हा आमच्या घरी या निवडणुकीचा मुद्दा एकच होता. लिफ्ट.

उमेदवार तीन होते. नावं मी कोणाचीही घेणार नाही. मला तिथेच राहायचंय, आणि आमच्याकडे पाणी आधी कुठल्या विंगला सोडायचं हे अजून माणसंच ठरवतात.

पहिले बँकवाले. बँकेतून निवृत्त झालेले, आमच्याच विंगेत दुसऱ्या मजल्यावर राहणारे, मराठी. घरातही शर्ट खोचून बसणारे. त्यांना कोणीही काहीही विचारलं तरी आधी नियम सांगायचे आणि मग उत्तर द्यायचे, आणि पुष्कळदा नियमातच वेळ संपायचा. लिफ्टबद्दल त्यांचं म्हणणं होतं की एक अभ्यास समिती नेमावी.

दुसरे जागेवाले. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे त्यांच्या आजोबांचं भाताचं शेत होतं. जमिनीच्या बदल्यात मिळालेले फ्लॅट त्यांनी भाड्याने दिलेत, स्वतः घोडबंदरला बंगल्यात राहतात आणि मीटिंगला मोठ्या गाडीतून येतात. त्यांना लिफ्ट म्हणजे किरकोळ बाब वाटायची. ते थेट बिल्डिंग पाडून टॉवर बांधायच्या गोष्टी करायचे.

तिसरे हार्डवेअरवाले शेठ. खाली रस्त्याच्या बाजूला त्यांचं दुकान, वर पहिल्या मजल्यावर घर. गोल, हसरे, एका गुडघ्याने अधू. लिफ्ट जिथे उभी राहू शकते, नेमक्या त्या दोन कोपऱ्यांपैकी एकात त्यांची स्कूटर आणि दुसऱ्यात त्यांचे पाइप असतात. त्यामुळे लिफ्टला त्यांचा विरोध होता, आणि तो ते लपवतही नव्हते.

निवडणूक म्हटली की लोक विकासाबिकासाचा विचार करून मत देतात अशी माझी समजूत होती. आमच्या जिन्यात ती पार धुवून निघाली. तळमजल्याच्या मावशींना असा अध्यक्ष हवा होता जो मांजरींना दूध घालणाऱ्यांचा बंदोबस्त करील. दुसऱ्या मजल्यावर मांजरींना दूध घालणाऱ्या राहतात, त्यांना असा हवा होता जो तळमजल्याच्या मावशींचा बंदोबस्त करील. एकांना दाराबाहेर चपलांचं कपाट ठेवायचं होतं. एक गृहस्थ मला जिन्यात थांबवून म्हणाले, "माणूस कसा का असेना, मीटिंग वेळेत संपवणारा पाहिजे." मी स्वतः बँकवाल्यांच्या बाजूची होते. कारण विचाराल तर ते मोडकं हिंदी न बोलता सरळ मराठीत बोलतात एवढंच. म्हणजे मीही काही फार वरच्या पातळीवरून विचार करत नव्हते.

आता मताची भानगड. कायद्याने आधी कमिटी निवडायची आणि कमिटीने आपल्यातला अध्यक्ष निवडायचा. पण आमच्या कमिटीत यायला कोणीच तयार नसतं. कमिटीची माणसं जिन्यात गाठून, चहा पाजून, शेवटी शपथा घालून गोळा करावी लागतात. त्यामुळे पूर्वीपासून प्रथा अशी पडली की अध्यक्ष कोण हे सगळ्या सभासदांनी सभेत हात वर करून सांगायचं आणि कमिटीने मान डोलवायची. इतकी वर्षं घरातलं कोणीही खाली जाऊन हात वर करत असे. गेल्या सभेत बँकवाल्यांनी तेही बंद केलं. शेअर सर्टिफिकेटवर ज्याचं नाव पहिलं, त्यानेच यायचं, त्यानेच हात वर करायचा. घर सासूबाईंच्या खोलीच्या पैशातून घेतलेलं, पहिलं नाव त्यांचं. समोर बाचंही तसंच, कारण तिचा मुलगा सुरतेला असतो आणि घर तिच्याच नावावर आहे. थोडक्यात, बिल्डिंगमधली दोन मतं अशी होती की ती उतरून खाली येऊच शकत नव्हती. आणि तिघांची गणितं इतकी काठावर होती की त्या दोन मतांशिवाय कोणाचाच हिशेब लागत नव्हता.

सासूबाईंना हे सगळं पहिल्या दिवशीच कळलं होतं. मला कळायला आठवडा लागला.

पहिले बँकवाले आले. दुसऱ्या मजल्यावरून चौथ्यावर यायचं म्हणजे त्यांना अर्धाच जिना, तरी आल्यावर त्यांनी आधी पाणी मागितलं. सासूबाईंनी पोहे करायला सांगितले होते. पोहे खाताना त्यांनी लिफ्टसाठी कोणकोणत्या परवानग्या लागतात ते सांगितलं. सासूबाई सगळं डोळे मिटून ऐकत होत्या.

"म्हणजे लिफ्ट होणार ना?" त्यांनी विचारलं.

"होणार म्हणजे, काकू, तत्त्वतः आपण अनुकूल आहोत."

"तत्त्वतः कुठल्या साली?"

बँकवाले हसले. निघताना सासूबाईंनी मला हाक मारून दही-साखर आणायला लावली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. "जा, काम फत्ते होऊ दे." बँकवाल्यांचा चेहरा एकदम फुलला. महत्त्वाच्या कामाला निघालेल्या माणसाच्या हातावर दही-साखर ठेवायची ही आपली रीत. परीक्षेला निघालेल्या पोराला देतो, इंटरव्ह्यूला निघालेल्या सुनेला देतो. बँकवाल्यांनी मात्र ती मताची पावती समजून चाटली.

दुसऱ्या दिवशी जागेवाले आले. सोबत दोन माणसं आणि जवळच्या डोंगरी गावातल्या वाडीतल्या भाजीची एक भलीमोठी टोपली. माणसं धापा टाकत होती, हे मात्र ताजेतवाने. टोपली त्यांच्याकडे नव्हती.

"आजी, तुमी कालजी नका करू, मी हाय ना," ते म्हणाले. "लिफ्टचा काय घेऊन बसलाव? आख्खी बिल्डिंगच नवीन करू. एक न्हाय, तीन लिफ्टी."

"आणि तोवर आम्ही राहायचं कुठे?"

"भाड्याने. बिल्डर देतो भाडं."

"कितव्या मजल्यावर?"

त्यावर जागेवाल्यांनी विषय बदलून वांग्यांचं कौतुक सुरू केलं. वांगी खरंच चांगली होती. दही-साखर त्यांनाही मिळाली. ती त्यांनी डोळ्यांना लावून घेतली आणि जाताना जिन्यात फोनवर कोणाला तरी मोठ्याने सांगितलं, "चौथा माला आपला."

शेठ स्वतः आले नाहीत. त्यांनी दुकानातल्या माणसाबरोबर मिठाईचा डबा पाठवला. सासूबाईंनी डबा परत पाठवला आणि वर निरोप दिला की मिठाईला गुडघे नसतात, शेठना असतील तर त्यांनी यावं. माझं तोंड शरमेने लाल झालं. पण शेठ आले. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ते बराच वेळ पायरीवर बसून होते, हे मला आवाजावरून कळलं. वर येऊन सोफ्यावर पडले आणि पंख्याकडे बघत राहिले. चहाचा अर्धा कप पोटात गेल्यावर बोलायला लागले.

"माँजी, सच बोलूँ? लिफ्ट मैं नहीं लगाऊँगा. मेरा पहला माला. मेरे को उसका क्या काम? और पाइप किधर रखूँ?"

"बाकी दोघं तर हो म्हणतात," सासूबाई मराठीतच म्हणाल्या. शेठना मराठी उत्तम कळतं, बोलायचा फक्त आळस.

"वो बोलेंगे. उनको पाइप नहीं रखना है."

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी पाणी आणायला धावले, तर म्हणाल्या, "पाणी राहू दे, दही आण." शेठ तळहातावरच्या साखरेकडे बघतच राहिले. त्यांच्याकडेही हीच रीत आहे, त्यामुळे अर्थ लावायला त्यांना काही वेळ लागला नाही. लिफ्टला विरोध करूनही म्हातारी आपल्या बाजूची, म्हणजे ही आपली पुण्याई, अशा चेहऱ्याने ते एकेक पायरी मोजत उतरले.

आता सगळ्या बिल्डिंगला माहीत झालं की चौथ्या मजल्यावरचं मत बँकवाल्यांना आहे, जागेवाल्यांना आहे आणि शेठनाही आहे. समोर बानेही तिघांना हेच केलं. ठरवून केलं की कसं ते मला सांगता येणार नाही, पण त्या आठवड्यात खिडकीतले हातवारे फार वाढले होते. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, हात सगळ्यांसमोर वर करायचाय. तिघंही तुमच्याकडेच बघत असणार. तोंड कसं दाखवणार आहात?"

"मी कोणाला हो म्हटलंय का?"

"दही-साखर दिलीत."

"मग? यश चिंतलं. तिघांचंही चिंतलं. चांगलं चिंतायला काय पैसे पडतात?"

"पण मत कोणाला?"

"तू तुझा कुकर बघ."

सभा रविवारी सकाळी होती. आदल्या संध्याकाळपासून सासूबाईंची साडी इस्त्री करून दांडीवर टांगलेली. मी चहा गाळत होते तेवढ्यात दारावर एकदमच गलका झाला. बघते तर तिन्ही उमेदवार, प्रत्येकाबरोबर दोन-तीन माणसं, आणि तीन प्लास्टिकच्या खुर्च्या. आजींना खाली न्यायला तिघंही आले होते. बँकवाले म्हणत होते, ते त्यांच्या विंगेतलं मत आहे, मान त्यांचा. जागेवाल्यांची माणसं जास्त दणकट होती. शेठ नुसतेच घाम पुसत होते.

सासूबाई पावडर लावून, काठी घेऊन बाहेर आल्या. तिघांकडे बघितलं. "एवढी वरात कशाला? खुर्ची एक पुरे. आणि माणसं परत पाठवा. उमेदवार तुम्ही आहात ना? मग तुम्ही तिघं आणि चौथा माझा मुलगा."

माझे यजमान आतून दाढीचा साबण पुसत आले. कोणी काही बोलायच्या आत सासूबाई खुर्चीत बसल्यासुद्धा. चौघांनी खुर्ची उचलली, तशा त्या वरून म्हणाल्या, "चौघांनी उचलायची ही पहिलीच वेळ. दुसऱ्या वेळी मला बघायला मिळणार नाही, म्हणून आज नीट बघून घेते."

खुर्ची तिथल्या तिथे डगमगली. बँकवाल्यांना हसावं की नाही याचा नियम आठवेना. माझ्या यजमानांचे डोळे भरले आणि मी ओरडले, "आई, काहीतरी काय बोलता सकाळी सकाळी!" त्या मात्र खुशीत होत्या.

ती उतरण मी जन्मात विसरणार नाही. पुढचे दोघं उलटे उतरत होते, मागचे दोघं वाकून. शेठ दर वळणावर "एक मिनिट, एक मिनिट" करत. दारं उघडत होती, लोक बाहेर येऊन नमस्कार करत होते, सासूबाई खुर्चीतून सगळ्यांची विचारपूस करत होत्या. एका दारात उभ्या उभ्या त्यांनी कोणाच्या तरी सुनेला चटणीची कृतीसुद्धा सांगितली. उभे अर्थात बाकीचे होते. जागेवाल्यांचा पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता. दुसऱ्या मजल्यावर बँकवाल्यांच्या बायकोने नवऱ्याला त्या अवस्थेत बघून विचारलं, "अहो, पण अभ्यास समिती कुठेय?" ती बाई तेव्हापासून मला फार आवडते.

खाली बा आधीच पोचली होती. तिला आणायला शेठच्या दुकानातली माणसं गेली होती. सासूबाईंची खुर्ची तिच्या शेजारी टेकली, आणि आजूबाजूचा सगळा गोंधळ एकदम लांब गेला असं मला वाटलं. बाने हात पुढे करून सासूबाईंचा चेहरा चाचपला, गाल, कपाळ, हनुवटी.

"तू इतनी छोटी कब हो गयी?" ती म्हणाली. "खिड़की में तो बड़ी दिखती है."

"तू भी किधर मोठी रही है?" सासूबाई म्हणाल्या आणि पदराने नाक पुसलं. मी तोंड फिरवून सभेसाठी आणलेल्या वड्यांची पातेली मोजल्यासारखं केलं, कारण मला रडू येत होतं आणि मी सभेत रडणाऱ्यांपैकी नाही.

सभा सुरू झाली. मागच्या सभेच्या इतिवृत्ताचं वाचन, जमाखर्च, मांजरी, चपलांचं कपाट. दोघी म्हाताऱ्यांचं सभेकडे लक्षच नव्हतं. एकमेकींचा हात धरून अखंड बोलत होत्या. शेवटी अध्यक्षपदाचा विषय आला. बँकवाल्यांसाठी हात वर झाले. बँकवाल्यांनी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई बाला कसली तरी गोळी कधी घ्यायची ते सांगत होत्या. जागेवाल्यांसाठी हात वर झाले, तेवढेच. जागेवाल्यांनी घसा खाकरला, दोघींच्या समोर जाऊन उभे राहिले. बा म्हणाली, "भाई, जरा बाजू हटो, हवा आने दो." मग शेठसाठी हात मागितले. तेही तेवढेच वर झाले. आणि मग, बोलणं न थांबवता, एकमेकींकडेच बघत, दोघींनी एक एक हात वर केला. डावा सासूबाईंचा, उजवा बाचा. मधले दोन एकमेकींच्या हातात होते.

मोजणी पुन्हा करायची मागणी झाली. पुन्हा तेच. शेठ त्या दोन मतांनी निवडून आले.

मी अक्षरशः जळून खाक झाले. लिफ्टला नाही म्हणणारा एकच माणूस, आणि ज्यांना लिफ्ट हवी त्या दोघींनी त्यालाच निवडून दिला! बँकवाले माझ्याकडे असे बघत होते जणू दही मीच विरजलं होतं. जागेवाले वडा न खाताच गाडीत बसले. मी सासूबाईंच्या कानाशी गेले. "आई, हे काय केलंत? चुकून वर गेला का हात?"

"चुकून जायला काय झालं?" त्या हळूच म्हणाल्या. "जो नाही म्हणतो त्याला हो म्हणायला लावता येतं गं. जे आधीच हो म्हणून बसलेत, त्यांना पुढे काय म्हणायला लावणार?"

एवढं बोलून त्यांनी काठी आपटली. गळ्यात झेंडूचा हार, तोंडात पेढा अशा अवस्थेत शेठ वळले.

"अध्यक्ष," सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मला आता वर कोण नेणार?"

खाली आणायला दहा जण होते. वर न्यायचा विचार कोणीच केला नव्हता, मीसुद्धा नाही. हार घातलेल्या माणसाला अशा वेळी दुसरं काही सुचत नाही. शेठ छातीवर हात ठेवून म्हणाले, "माँजी, हम हैं ना!"

"आणि पुढच्या रविवारी खाली?"

"वो भी हम."

"आणि त्याच्या पुढच्या?"

"हर संडे, माँजी. जुबान दी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाने सगळ्यात जास्त वाजवल्या.

आता चढणीबद्दल काय सांगू? उतरताना माणूस दमतो, चढताना तो अध्यक्ष असला तरी रडकुंडीला येतो. पुढच्या रविवारी शेठ स्वतः आले. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी दुकानातली माणसं पाठवली, तर सासूबाई खुर्चीत बसेचनात. "अध्यक्ष कुठेत? जबान त्यांनी दिलीय, तुम्ही नाही." तिकडे बाही अडून बसली. दोघी खिडकीत, खाली शेठ, वर फोनवर दोघींचं हसणं. शेवटी ते स्वतः वर आले, गुडघ्याला पट्टा बांधून. दर रविवारी ए विंग, मग बी विंग, संध्याकाळी पुन्हा दोन्ही. त्यांची बायको मला भाजीवाल्याकडे म्हणाली, "भाभी, पहले ये संडे को सोते थे."

किती रविवार गेले कोण जाणे. एका संध्याकाळी आम्ही दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची टेकवली होती. शेठ धापा टाकत पायरीवर बसले आणि म्हणाले, "माँजी, लगाते हैं लिफ्ट. पाइप मैं गोडाऊन में डालता हूँ. लेकिन अभी एक ही होगी. दोनों के पैसे जमा होने में टाइम जाएगा. बोलो, ए विंग या बी?"

मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. सासूबाई एका दमात म्हणाल्या, "बी."

"आई!" मी किंचाळलेच. "अहो, चार मजले आपले आहेत! तुमच्या गुडघ्यांसाठी हे सगळं केलं ना आपण?"

"तिच्याकडे कोण आहे?" त्या म्हणाल्या. "मुलगा सुरतेला. रविवार सोडला तर तिला कोण हात देतं? मला तू आहेस, हा आहे." मग शेठकडे बघून गोड हसल्या. "आणि मला अध्यक्ष आहेत."

शेठनी डोक्याला हात लावला. मला त्या बाईचा इतका राग आला होता, आणि तरी वाकून त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं. मी दोन्हीपैकी काहीच केलं नाही. खुर्चीचा पाय धरला आणि म्हटलं, "चला, उचला."

बी विंगची लिफ्ट या दिवाळीच्या आधी सुरू झाली. पहिल्या दिवशी बा एकटी खाली आली. कोणाचा हात न धरता, काठी टेकत, कंपाउंडच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि मान वर करून आमच्या खिडकीकडे बघितलं. तिला फोन करायचं सुचलंच नाही. तिने सरळ हाक मारली, "एऽ! नीचे आ!"

सासूबाई खिडकीच्या गजांना धरून खाली बघत होत्या. मग त्या वळल्या आणि मला म्हणाल्या, "शेठना फोन लाव."

"आज मंगळवार आहे, आई."

"माहितीय. लाव."

शेठ आले. गुडघ्याचा पट्टा बांधूनच आले. दुकानातल्या माणसांबरोबर खुर्ची उचलली, तिसऱ्या मजल्यापर्यंत आणली, टेकवली, आणि घाम पुसत मला म्हणाले, "भाभी, ए विंग का काम कल से चालू करता हूँ. मीटिंग-बिटिंग बाद में देखेंगे." सासूबाईंनी ते ऐकलंच नाही. त्या जिन्याच्या जाळीतून खाली बघत होत्या आणि ओरडून सांगत होत्या, "आले गं, आले, तिथेच थांब!"